दहा सेंटांची बदकं

१९५३ च्या सुमारास अमेरिकेत मुलांच्या एका मासिकाच्या महिन्याला तीस लाखांहून जास्त प्रती खपत होत्या. 'वॉल्ट डिस्नेज कॉमिक्स अँड स्टोरीज' हे त्याचं नाव, आणि किंमत दहा सेंट. अंक उघडला की पहिली गोष्ट डोनाल्ड डकची, दहा पानांची. ती रचणारा आणि चितारणारा माणूस दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका आडगावी घरीच बसून काम करायचा. पानं झाली की प्रकाशकाकडे धाडून द्यायचा, आणि छापून येताना त्यांवर नाव असायचं वॉल्ट डिस्नेचं. बहुतेक पोरांना वाटायचं, डिस्नेसाहेब स्वतःच काढतात. काही पोरं मात्र चोखंदळ निघाली. बदकं काढणारे हात बरेच आहेत आणि त्यातला एक बाकीच्यांपेक्षा कितीतरी सरस आहे, हे त्यांनी नुसत्या डोळ्यांनी ओळखलं. नाव ठाऊक नव्हतं, म्हणून ती त्याला 'चांगला बदकवाला' म्हणायची. त्यातल्याच दोघा भावांनी खटपट करून पत्ता मिळवला आणि १९६० मध्ये त्याला पत्र धाडलं. तोवर कार्ल बार्क्स साठीला टेकला होता आणि सतरा-अठरा वर्षं हेच काम करत होता.

आज त्याच गोष्टी जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत, गुळगुळीत कागदावर, पाठीवर ठसठशीत 'कार्ल बार्क्स' लिहून मिळतात. सिअॅटलच्या फँटाग्राफिक्स या प्रकाशनाने २०११ च्या अखेरीस ही मालिका सुरू केली. एकेक खंड दोनशे पानांच्या वर. पहिला बाहेर आला त्यावर क्रमांक होता ७. म्हणजे माणूस हात बसल्यावर, ऐन भरात असताना काय करत होता ते आधी दाखवायचं आणि सुरुवातीची चाचपडणारी पानं मागाहून छापायची. मला हा हिशेब फार पटला. आपल्याकडे समग्र वाङ्मय काढायचं म्हटलं की लेखकाच्या शाळकरी कवितांपासून सुरुवात होते आणि वाचक दुसऱ्या खंडाच्या आत गळतो.

खरं तर ही पुस्तकं व्हावीत असं त्या काळी कुणाच्याच मनात नव्हतं. कॉमिक म्हणजे वाचायचं, मित्राला द्यायचं, आणि शेवटी रद्दीत. प्रकाशकही मूळ चित्रांची पानं जपून ठेवत नसे, छपाई झाली की ती बहुतेक नष्ट करून टाकत. आपल्याकडे निदान एक सोय होती. काही घरांत मुलांच्या मासिकांचे वर्षभराचे अंक बाइंडरकडे देऊन कापडी पाठीचे गठ्ठे करून घेत. आमच्या पेठेतल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत असे गठ्ठे होते आणि मधली पानं हमखास गायब असायची.

सुटा अंक वाचणं आणि खंड सलग वाचणं यात मोठा फरक पडतो. सुट्या अंकात गंमत दिसते. सलग वाचताना माणूस काय उगाळतोय ते दिसायला लागतं. माझ्या भाचीला सुट्टीत हे खंड वाचून दाखवताना मला जे दिसलं ते असं, की बार्क्सची ही बदकं सदासर्वकाळ कामाबद्दल बोलतात. साहस, खजिने, भुतंखेतं, चाचे सगळं आहे, पण खाली पाया आहे तो पोट भरण्याचा.

डोनाल्ड घ्या. पडद्यावरच्या डोनाल्डचं बोलणं निम्मं कळत नाही, तो नुसता फणफणतो. कागदावर आवाज नसतो, त्यामुळे बार्क्सच्या हाती आल्यावर तो एकदम धड वाक्यं बोलणारा गृहस्थ झाला. तिघा भाच्यांना सांभाळणारा, भाडं आणि बिलं यांनी गांजलेला, आणि दर महिन्याला नवी नोकरी धरणारा. दहा पानी गोष्टींची एक अख्खी जातच अशी आहे की डोनाल्ड एखाद्या कामात उस्ताद आहे, सगळं गाव त्याची वाहवा करतंय, मग त्याच्या डोक्यात हवा जाते आणि शेवटच्या पानावर त्याला गाव सोडून पळावं लागतं.

१९५३ ची पाऊस पाडणाऱ्याची गोष्ट याचा उत्तम नमुना. डोनाल्ड विमानातून ढगांवर बी पेरतो आणि मागेल त्याला मागेल तेवढा पाऊस पाडून देतो. एकाच्या वावरात सर कोसळतेय आणि कुंपणापलीकडे थेंब नाही, इतका हात साफ. औरंगाबादहून २०१५ आणि २०१९ मध्ये उडालेल्या कृत्रिम पावसाच्या विमानांच्या बातम्या ज्यांनी आशेने वाचल्या, त्यांना हे पान जरा जास्तच टोचेल. मग कळतं की त्याची मैत्रीण डेझी त्याच्या नशीबवान भाऊबंदाबरोबर, ग्लॅडस्टोनबरोबर, सहलीला निघाली आहे. झालं. उस्तादाचा मत्सर जागा होतो, त्यांच्या सहलीवर ढग पाठवायचा म्हणून तो जो ढग तयार करतो तो असा माजतो की त्याचा त्यालाच आवरत नाही. भाची हसते ती त्या ढगाने आणलेल्या गारठ्याला. मी हसतो ते त्याआधीच्या एका चौकटीला, जिथे डोनाल्ड स्वतःच्या कसबावर खूश होऊन मान ताठ करून बसलाय. ती मान मी अनेक ऑफिसांत पाहिली आहे.

बार्क्सने हे कुठून आणलं? १९०१ मध्ये ओरेगनमधल्या मेरिलजवळच्या शेतावर जन्म. शाळा लवकर सुटली, कानानं लहानपणापासून कमी ऐकू यायचं आणि ते पुढे वाढतच गेलं. शेती केली, लाकडं तोडली, रेल्वेच्या दुरुस्ती कारखान्यात राबला. यातलं एकही काम त्याला धड लाभलं नाही. मग मिनिॲपोलिसच्या एका चावट विनोदी मासिकात चित्रं काढली, आणि १९३५ मध्ये डिस्नेच्या स्टुडिओत लागला, तेही दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं भरायच्या हमालीवर. डोनाल्ड न्हाव्याच्या यांत्रिक खुर्चीत उलटा अडकतो आणि यंत्र त्याच्या ढुंगणाला डोकं समजून केशभूषा करतं, ही कल्पना त्याने विकली, पन्नास डॉलर मिळाले आणि कथा विभागात जागा मिळाली. १९४२ मध्ये तेही सोडलं. सोडून काय करायचं होतं, तर कोंबड्या पाळायच्या होत्या. पोटापाण्याला जोड म्हणून कॉमिक्सचं काम पत्करलं. कोंबड्या मागे पडल्या आणि जोडधंदा तेवीस-चोवीस वर्षं चालला. पाचशेच्या आसपास गोष्टी, सहा हजारांहून जास्त पानं. पानामागे ठरलेले पैसे मिळायचे, खपातला वाटा शून्य. १९५४ मध्ये त्याने गॅरे या चित्रकार स्त्रीशी लग्न केलं. ती फुग्यांमधली अक्षरं लिहायची, काळे भाग शाईनं भरायची. तिचंही नाव कुठे नव्हतं.

कोंबड्यांचा राग मात्र बहुधा राहिला असावा, कारण त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट अंड्यांवर आहे. १९४९ ची 'लॉस्ट इन द अँडीज'. डोनाल्ड एका संग्रहालयात अगदी खालच्या पायरीचा झाडूवाला. पेरूहून आणलेले काही चौकोनी दगड पुसताना एक हातातून पडतो आणि फुटतो, तेव्हा कळतं की हे दगड नव्हेत, चौकोनी अंडी आहेत. लगेच मोहीम निघते. मला ही गोष्ट आवडते ती बोटीवरच्या प्रसंगासाठी. मुख्य प्राध्यापकांना आम्लेट खायची लहर येते. ते हुकूम सोडतात आपल्या साहाय्यकाला, तो त्याच्या साहाय्यकाला, तो त्याच्या, असं करत करत काम येतं डोनाल्डवर. डोनाल्डच्या खाली कोण? भाचे. ते बिचारे हाताला लागतील त्या अंड्यांचं आम्लेट करतात, म्हणजे संग्रहालयातल्या त्या जुनाट चौकोनी अंड्यांचं. मग आजारपण सगळ्या साहेबांना गाठतं आणि मोहीम चालवायला उरतात ते सगळ्यात खालचे चौघे. टेबलावरून फाईल सरकवायची ही तऱ्हा ज्याने महानगरपालिकेत एकदा जन्मदाखल्याची दुरुस्ती करून घेतली आहे त्याला समजावून सांगावी लागत नाही. आठ वर्षांच्या मुलीलाही लागली नाही. तिच्या मते हे तिच्या वर्गातल्या मॉनिटरांसारखं आहे.

पुढे धुक्यानं भरलेलं खोरं, तिथली चौकोनी माणसं, गोल वस्तू बनवणं हा तिथला भयंकर गुन्हा आणि च्युइंगगमचे फुगे फुगवणारे भाचे, हे सगळं आहे. शेवटी जिवावर बेतून डोनाल्ड दोन चौकोनी कोंबड्या घेऊन परत येतो. आता चौकोनी अंड्यांचा धंदा जोरात! तेव्हा कळतं, दोन्ही कोंबडेच आहेत. भाची हे पान उलटून पुन्हा मागचं पाहायला गेली, कुठे काही चुकलं का ते शोधायला.

मग स्क्रूज. नात्यानं डोनाल्डचा मामा, आणि डोनाल्ड पुन्हा त्या तिघांचा मामा, त्यामुळे आमच्याकडे हे सगळं मामा-भाचे प्रकरण म्हणूनच वाचलं जातं. आमच्या पिढीला हा म्हातारा भेटला तो नव्वदच्या दशकात, रविवारी दूरदर्शनवर, हिंदी बोलताना. तिथे तो उंच टोपीतला साहसी आजोबा होता. त्याला घडवणारा माणूस कुणी कार्ल बार्क्स आहे, १९४७ च्या एका नाताळच्या गोष्टीत त्याने याला पहिल्यांदा आणलं, आणि तेव्हा हा माणूसघाणा, चिडखोर, एकटा थेरडा होता, हे आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं. बार्क्सला त्या एकाच गोष्टीपुरता तो हवा होता. पण पात्र हातात राहिलं, आणि १९५२ मध्ये त्याला स्वतःचं कॉमिक मिळालं.

त्या कॉमिकच्या पहिल्या गोष्टीत स्क्रूज आपल्या कोठीत पैशांत सूर मारतोय, उंदीर-घुशीसारखा पैसा उकरतोय, डोक्यावर नाणी उधळून घेतोय. कोठीत पैसा किती? तीन घन एकर. एकर हे क्षेत्रफळाचं माप, ते घन होतं कसं, हा प्रश्न मुलाला सातवी-आठवीत पडतो आणि तेव्हा तो दुसऱ्यांदा हसतो. पण या गोष्टीत मला थबकायला लावणारं पान वेगळं आहे. डोनाल्डला हा सगळा पैसा म्हणजे निरुपयोगी ढीग वाटतो. म्हातारा एकेक नाणं उचलतो आणि सांगतो, हे मला क्लोंडाइकला, कॅनडातल्या सोन्याच्या मुलखात, मिळालं, हे अमुक ठिकाणी. त्याला नाण्याची किंमत ठाऊक नाही, त्यामागची मेहनत ठाऊक आहे. सगळ्यांपेक्षा चिवट राहून आणि सचोटीनं कमावलं, असा त्याचा दावा. गोष्टीचं नाव मात्र 'ओन्ली अ पुअर ओल्ड मॅन'. शेवटी बार्क्स कुणाच्या बाजूनं आहे ते मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही, आणि म्हणूनच ती गोष्ट पुन्हा वाचाविशी वाटते.

पैशावरच्या दोन गोष्टी तर शाळेत अर्थशास्त्राच्या पहिल्या तासाला वाचायला द्याव्यात. १९५१ च्या एका दहा पानी गोष्टीत चक्रीवादळात स्क्रूजचा सगळा पैसा उडतो आणि गावोगाव पाऊस पडल्यासारखा पडतो. प्रत्येकजण लक्षाधीश. अर्थातच कुणी कामावर जात नाही. स्क्रूज शांतपणे आपल्या शेतावर राबत राहतो. थोड्याच दिवसांत लोकांना भूक लागते, बाजारात काही नाही, आणि शेतावरचं एक अंडं दहा लाख डॉलरला जातं. सगळा पैसा वाट चालत घरी परत येतो. १९५४ ची 'ट्राला ला' याच्या उलट बाजूची. पैसे मागणाऱ्यांच्या भुणभुणीनं वेडा व्हायची वेळ आलेला स्क्रूज हिमालयातल्या अशा खोऱ्यात जातो जिथे पैसा ही गोष्टच नाही. सोबत मज्जातंतूंच्या औषधाच्या बाटल्या. एका बाटलीचं बूच फेकून देतो, ते एका खोरेकऱ्याला सापडतं, त्याच्यासारखं दुसरं कुणाकडेच नसतं, आणि झालं, बूच मौल्यवान होतं. माणसं हावरी होतात. उपाय म्हणून स्क्रूज विमानांनी एक अब्ज बुचं टाकायला सांगतो, आणि शेतंच्या शेतं पत्र्याखाली गाडली जातात. चलनफुगवटा इतक्या थोड्या पानांत आणि इतका हसवत कुणी समजावलेला माझ्या वाचनात नाही.

इथे आपलाही नंबर लागतो. बार्क्सच्या नकाशात हाउडुयुस्तान नावाचा देश आहे, हत्ती आणि पागोट्यांचा, म्हणजे आपणच. १९५२ च्या एका गोष्टीत तिथले महाराज डकबर्गला, म्हणजे या बदकांच्या गावी, येतात आणि जगातला सगळ्यात श्रीमंत कोण यावरून स्क्रूजशी त्यांची जुंपते. गावाच्या संस्थापकाचा पुतळा कोण जास्त मोठा उभारतो, ही पैज. एक झाला की दुसरा त्याहून उंच, मग तिसरा, शेवटी महाराज कफल्लक. ज्या वर्षी अमेरिकेतली पोरं हे वाचत होती त्याच्या तीन वर्षं आधीच, १९४९ मध्ये, कोल्हापूर आणि बडोदा मुंबई राज्यात विलीन झाली होती आणि खरे महाराज सरकारी तनख्यावर आले होते. बार्क्स कधी भारतात आला नाही. त्याचं सगळं जग 'नॅशनल जिओग्राफिक'च्या अंकांतून आलेलं. युरोपात तो पहिल्यांदा गेला तो १९९४ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी. त्यामुळे आपले महाराज त्याच्याकडे जाहिरातीतल्या पागोटेवाल्यासारखे दिसतात. पुतळ्यांच्या उंचीची पैज मात्र महाराष्ट्रातल्या वाचकाला परकी वाटू नये.

हे आपल्यापुरतं हसण्यावारी नेता येतं, सगळ्यांना येत नाही. आफ्रिकेतली, दक्षिण समुद्रातली माणसं त्या काळातल्या अमेरिकन चित्रांत जशी विद्रूप काढत, तशी बार्क्सनेही काढली आहेत. १९४९ च्या 'व्हूडू हूडू'मधला बॉम्बी हा चालता-फिरता मुडदा, म्हणजे झोंबी, त्यातला सगळ्यात अवघड. अँडीजच्या त्याच खंडात ती गोष्ट आहे. २०२३ मध्ये डिस्नेने बॉम्बी असलेल्या गोष्टी पुन्हा छापायला मनाई केली. त्याच्या कितीतरी आधी, १९७१ मध्ये, चिलीत एरियल डॉर्फमन आणि आर्मां मातलार यांनी डोनाल्डच्या कॉमिक्सवर एक अख्खं पुस्तक लिहून सांगितलं होतं की ही बदकं गरीब देशांत जातात, अडाणी रहिवाशांना फसवून खजिना आणतात, हा साम्राज्यवादच आहे. १९७३ च्या लष्करी उठावानंतर ते पुस्तक जाळलं गेलं. मला त्यांचं म्हणणं निम्मं पटतं. 'ट्राला ला' त्यांच्याच बाजूनं साक्ष देते असं मला वाटतं, फक्त ती साक्ष बार्क्सने स्वतः लिहून ठेवली आहे. गोष्ट गाळून टाकण्यापेक्षा छापावी, मागे टीप द्यावी, आणि मुलाशी बोलावं, या मताचा मी आहे. फँटाग्राफिक्सच्या खंडांत प्रत्येक गोष्टीवर मागे अभ्यासकांची टिपणं आहेत. भाचीने बॉम्बीचं चित्र पाहून "याला असं का काढलंय?" विचारलं, आणि त्यावर बोलण्यात गोष्टीपेक्षा जास्त वेळ गेला.

कात्री चालवण्याची हौस जुनी आहे. १९५३ च्या 'बॅक टू द क्लोंडाइक'मधून संपादकांनी काही पानं काढून टाकली होती. दारूच्या गुत्त्यातली मारामारी आणि तरुण स्क्रूज त्या गुत्त्यातल्या गोल्डी या गायिकेला जबरदस्तीनं सोन्याच्या खाणीवर घेऊन जातो तो भाग मुलांच्या कॉमिकला शोभणारा नाही, म्हणून. ती पानं नव्या आवृत्त्यांत परत बसवली आहेत. त्यांच्याशिवाय म्हातारपणी गोल्डीसमोर उभा राहिलेला, विसराळूपणाचं सोंग घेऊन तिला सोनं सापडू देणारा स्क्रूज नुसताच दयाळू वाटतो. पानं परत आली की तो काहीतरी फेडतोय हे कळतं. पुनर्मुद्रणाचा खरा उपयोग इथे दिसतो. रंग चकचकीत झाले हा नाही. उलट या मालिकेत रंग जुन्या छपाईला धरून सपाट ठेवले आहेत ते मला बरं वाटलं, संगणकावरची सावल्यांची रोषणाई नाही.

कुणी विचारलं की मी अँडीजच्या खंडापासून सुरुवात करा म्हणतो, नंतर 'ओन्ली अ पुअर ओल्ड मॅन'. एक खंड इथे दोन हजारांच्या पुढे जातो, तेव्हा दोन-तीन घरांत मिळून घ्यावेत आणि फिरवावेत. इंग्रजी जड नाही, पण लहानांना वाचून दाखवताना मराठीत बोलत गेलं तर मजा वाढते. दहा पानी गोष्टी रात्री झोपताना एक याप्रमाणे पुरतात, लांब साहसांना रविवारची दुपार लागते, कारण मध्ये थांबू देत नाहीत. पहिल्यांदा वाचताना मोठ्यांनी मागची टिपणं आधी उघडू नयेत, त्यात शेवट सांगून टाकलेले असतात. आणि एकेका पानाचे किरकोळ विनोद मधून मधून येतात, ते गाळून पुढे गेलं तरी चालतं. ते कॉमिकच्या मुखपृष्ठाची आतली रिकामी बाजू भरायलाच काढलेले होते.